न सांगण्याची विद्या

मॅट्रिकच्या पलीकडे माझे शिक्षण गेले नाही. पुढे चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली, नागपुरातल्या एका शाळेत लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षे मुलांना पेन्सिल कशी धरावी हे शिकवीत आलो. मधल्या वेळात चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतली एकही फारशी खपली नाही. परंतु त्यांच्यामुळे मोहल्ल्यात माझ्याविषयी एक गैरसमज मात्र पक्का झाला आहे. ज्याला एवढे लिहिता येते त्याला सगळेच ठाऊक असले पाहिजे, असे लोक धरून चालतात. त्यामुळे कोणाचा वारसाहक्काचा अर्ज, कोणाला आलेली घरमालकाची नोटीस, कोणाच्या मुलाचे पुढचे शिक्षण, असे काही ना काही माझ्या ओसरीवर येतच असते.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या एका संध्याकाळी असेच एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. ते इतवारीत एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहितात. मुलगी माझीच विद्यार्थिनी. इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षेत तिला पहिली श्रेणी मिळाली होती आणि शाळेत तिची वही मी इतरांना दाखवीत असे. आता ती बारावी झाली होती. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेतले गुण पुरेसे नव्हते. तिच्या हातात एक गुळगुळीत कागद होता.

"मास्तर, हे पाहा बरं जरा," वडील म्हणाले. "पोरगी म्हणून राहिली, एका वर्षात सोनोग्राफीचा कोर्स होते अन् नोकरी पक्की. फी मोठी आहे. भरू का नाही, तुम्ही सांगा."

कागदावर पांढरा कोट घातलेली एक हसरी मुलगी होती. देशात-परदेशात मागणी, शंभर टक्के नोकरी, असे बरेच काही लिहिले होते. मला त्यातले काही कळत नव्हते. पण कळत नाही असे म्हणण्याचे धैर्य कादंबरीकाराला लवकर होत नाही. "दोन दिवसांनी या, चौकशी करून ठेवतो," एवढे बोलून मी वेळ मारून नेली.

चौकशी करायला जागा होती. माझी एक जुनी विद्यार्थिनी आज रेडिओलॉजिस्ट आहे आणि धंतोलीत तिचे स्वतःचे केंद्र आहे. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "सर, फोनवर नको. मुलीलाच घेऊन या. तिने एकदा ही खोली पाहायला हवी."

धंतोली हा नागपूरचा एक विलक्षण भाग आहे. एके काळी ही बंगल्यांची शांत वस्ती होती. आता दर दुसऱ्या दारावर रुग्णालयाची पाटी आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाकडूनच नव्हे, तर छिंदवाडा, बालाघाट, बैतुलाकडूनही माणसे येथे येतात. हातात रिपोर्टांची पिशवी, डोळ्यांत रात्रीच्या गाडीचे जागरण. त्या केंद्राच्या बाकांवर बायका बसल्या होत्या. प्रत्येकीला पाणी पिऊन लघवी रोखून धरायला सांगितले होते आणि प्रत्येक जण नंबर कधी लागतो याकडे डोळे लावून होती. भिंतीवर एक मोठी पाटी होती. येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, हा कायद्याने गुन्हा आहे, असे तिच्यावर लिहिले होते. अशी पाटी मी शंभरदा पाहिली असेन. त्या दिवशी ती मी प्रथमच वाचली.

काम थोडे कमी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हांला आत बोलावले. मुलीच्या हातातला कागद त्यांनी वाचला आणि बाजूला ठेवला. मग त्यांनी जे सांगितले ते असे.

इंग्लंड-अमेरिकेत सोनोग्राफर हा डॉक्टरांहून वेगळा असा एक स्वतंत्र पेशा आहे. तेथे ही मंडळी त्याचे खास शिक्षण घेतात, स्वतः यंत्र हातात धरून तपासणी करतात. आपल्याकडे तसे नाही. गर्भवतीची सोनोग्राफी येथे फक्त डॉक्टरच करू शकतो. तोही कोणताही डॉक्टर नव्हे. रेडिओलॉजीची किंवा स्त्रीरोगशास्त्राची पदव्युत्तर पदवी तरी हवी, नाहीतर एम.बी.बी.एस.नंतर २०१४ च्या नियमांप्रमाणे सहा महिन्यांचे प्रशिक्षण तरी हवे. शिवाय केंद्राची नोंदणी हवी, यंत्राचीही हवी. "हा कागद म्हणतो तसा कोर्स करून तुला प्रमाणपत्र मिळेल," त्या मुलीला म्हणाल्या, "पण त्या प्रमाणपत्राच्या जोरावर तू एखाद्या गर्भवतीच्या पोटावर यंत्र ठेवलेस, तर तू, आणि तुला ठेवू देणारा डॉक्टर, दोघेही गुन्हेगार ठरता. हे या कागदावर कुठे लिहिलेले नाही."

मग या क्षेत्रात बारावी झालेल्या मुलीला वाटच नाही का? आहे. रेडिओलॉजीच्या तंत्रज्ञाची रीतसर पदवी घेता येते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून असे अभ्यासक्रम चालतात. ती घेतल्यावर क्ष-किरण, सी.टी. स्कॅन, एम.आर.आय. या यंत्रांवर काम करता येते. सोनोग्राफीच्या खोलीतही पुष्कळ काम असते: रुग्णाची तयारी, नोंदी, चित्रे जपून ठेवणे, डॉक्टरांना हाताशी धरून मदत करणे. २०२१ साली केंद्र सरकारने अशा सर्व संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदाही केला. इतकी वर्षे केवळ 'टेक्निशियन' म्हणून हाक मारल्या जाणाऱ्या या माणसांच्या शिक्षणाला आणि नोंदणीला त्यामुळे एक चौकट आली. वाट लांबची आहे. पण खरी आहे.

नंतर त्यांनी आम्हांला यंत्र दाखवले. चित्रकलेचा मास्तर म्हणून मी तेथे पुरता रंगून गेलो. हे चित्र प्रकाशाचे नाही, आवाजाचे आहे. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. या यंत्राचा आवाज वीस लाखांपासून दीड कोटी कंपनांपर्यंतचा असतो. तो शरीरात सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर वेगाने जातो, वाटेत जे लागेल त्यावर आपटून परत येतो, आणि परत यायला लागलेल्या वेळावरून यंत्र अंतर काढते. पाणी काळे दिसते, हाड पांढरे दिसते. हवा मात्र या आवाजाची वैरीण आहे; म्हणून त्वचा आणि यंत्र यांच्यामध्ये हवा राहू नये यासाठी ती थंडगार जेली लावतात. भरलेले मूत्राशय आतडी बाजूला सारते आणि आवाजाला खिडकीसारखी वाट करून देते. बाहेरच्या बायकांची तगमग त्यासाठी होती. पित्ताशयातला खडा कसा ओळखतात? खडा पांढरा चमकतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. "सर, तुम्ही आम्हांला मडक्याची सावली काढायला लावायचात ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी आजही तेच करते."

या विद्येचा जन्मही मोठा नवलाचा आहे. दाब दिला की वीज निर्माण करणाऱ्या स्फटिकांचा गुणधर्म जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० साली शोधला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या हुडकण्यासाठी पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो वापरला. पुढे कारखान्यांतून पोलादातल्या अदृश्य चिरा शोधण्यासाठी असली यंत्रे आली. १९५५ साली ग्लासगोचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन एका बॉयलरच्या कारखान्यात गेले आणि पोलाद तपासण्याच्या यंत्राने त्यांनी त्या तपासून पाहिल्या. १९५८ साली त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला आणि आईच्या पोटातल्या जिवाला सुरी न लावता पाहण्याची सोय माणसाला झाली. पोलादातली चीर शोधणारे यंत्र त्या दिवशी माणसाच्या उपयोगी पडले. पुढे माणसांतली चीरही त्यानेच उघडी पाडली.

मुलगी सारे लक्ष देऊन पाहत होती. शेवटी तिने हळूच विचारले, "मॅडम, दिसतं तरी चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही, हे कुठे शिकवतात का?"

डॉक्टरीणबाई जराशा थांबल्या. "नाही ग," त्या म्हणाल्या, "ते कुठे शिकवत नाहीत."

या प्रश्नाने मला पंधरा-सोळा वर्षे मागे नेले. मी आजवर जे कोणाला सांगितले नाही ते आता लिहितो.

२०१० साली माझी पत्नी दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिली मुलगी. गावाहून आई आली होती. ती तोंडाने काही म्हणत नव्हती; पण जपमाळ ओढता ओढता माझ्याकडे पाहत होती, आणि आईचे ते पाहणे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना ते काय असते हे सांगायला नको. तपासणीच्या दिवशी पत्नीने एका कागदावर सही केली. गर्भाचे लिंग जाणून घेण्याची माझी इच्छा नाही, असे त्या कागदावर असते. सही करताना मी तिच्या शेजारीच उभा होतो. तपासणी संपली, डॉक्टरीणबाई हात पुसत होत्या, आणि मी हसत हसत म्हणालो, "मग काय बाई, पेढे आणू की बर्फी?"

वाचक हे हसण्यावारी नेतील तर चुकतील. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, ही आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. ती त्या बाईंनाही ठाऊक होती. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "बाळाचे ठोके चांगले आहेत. वाढ तारखेप्रमाणे आहे," एवढे म्हणून त्यांनी पुढचे नाव पुकारायला सांगितले. त्यांच्या चेहऱ्याची एक रेषासुद्धा हलली नाही. मी आयुष्यभर चेहरे काढीत आलो आहे. पण त्या चेहऱ्यातून मला काही म्हणजे काही काढता आले नाही.

बाहेर आलो तो तणतणतच. मला काय गर्भपात करायचा होता? मी शिकलेला माणूस. समतेवर कादंबरीत पानेच्या पाने लिहिणारा. मला फक्त कुतूहल होते. आपल्याच मुलाविषयीची एक साधी गोष्ट, ती माझ्यापासून लपवण्याचा हक्क या बाईंना कोणी दिला? असे मी पत्नीला म्हणालो. ती काही बोलली नाही.

तो प्रश्न मात्र खोटा नव्हता. मी कसा होतो हे सोडून द्या. पण एखादी खरोखरीच निरपराध आई असेल, तिला मुलगीच हवी असेल, तिने झबले शिवायला घेतले असेल, तर तिने काय गुन्हा केला? दुसऱ्यांच्या पापासाठी तिच्यापासून सत्य का लपवावे? आपण तर लहानपणापासून सत्य बोलावे हेच शिकत आलो. मुलांना मी शाळेत तेच सांगतो.

महाभारताच्या कर्णपर्वात कौशिकाची गोष्ट आहे. नेहमी खरेच बोलायचे असे त्या तपस्व्याचे व्रत होते. दरोडेखोरांच्या भयाने काही माणसे त्याच्या आश्रमाजवळच्या रानात लपली. दरोडेखोर मागून आले आणि त्यांनी त्यालाच विचारले. त्याने खरे सांगितले. माणसे मारली गेली आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. ही गोष्ट कृष्ण अर्जुनाला सांगतो. गप्प राहून भागत असेल तर गप्प राहावे, असाच त्याच्या सांगण्याचा रोख आहे. सोनोग्राफी करणाऱ्याची अवस्था कौशिकासारखीच आहे. फरक एवढाच की रानात कोण लपले आहे हे त्याला काचेवर दिसत असते, आणि विचारणारा दरोडेखोर आहे की वाट चुकलेला भाऊ, हे मात्र दिसत नाही.

दरोडेखोर खरेच होते का, असे कोणी विचारील. आकडे पाहावेत. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ च्या जनगणनेत त्या ९१३ झाल्या आणि २०११ च्या जनगणनेत ८९४. त्या वर्षी बीड जिल्ह्याचा आकडा ८०७ होता. या मुली साथीच्या रोगाने गेल्या नाहीत, दुष्काळाने गेल्या नाहीत. शिकलेल्या माणसांनी, विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी, स्वच्छ खोल्यांतून त्यांना जाऊ दिले. आणि या प्रकाराला आळा घालणारा देशातला पहिला कायदा याच महाराष्ट्राने १९८८ साली केला होता, हे आठवले की मान अधिकच खाली जाते. त्याच्या मागून १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २००३ साली कायदा अधिक कडक झाला. गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने किंवा दुसऱ्या कोणत्याही प्रकारे सांगू नये, असे त्यात आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड.

तरीसुद्धा माझा प्रश्न शिल्लक राहतो. दरोडेखोरांना सांगू नका. पण त्या निरपराध आईला सांगायला काय हरकत आहे? याचे उत्तर मला न्यायशास्त्रात सापडले नाही. ते माझ्या रोजच्या धंद्यात, परीक्षेच्या दिवसांत सापडले.

सहामाही परीक्षेच्या आधी मुले मास्तरांभोवती घोटाळतात. "सर, वस्तुचित्रात घागर येणार का?" मी पेपर काढलेला असतो. घागर येणार नसेल तर "नाही रे" म्हणण्यात माझे काय जाते? तसे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी एकदा केले. एकाला सांगितले, घागर नाही. दुसऱ्याला सांगितले, केटलीही नाही. तिसऱ्याने विचारले, "सर, छत्री?" मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग छत्रीच काढून आला होता! मी एक अक्षरही बोललो नव्हतो. माझे बोलणे ऐकून नव्हे, माझे गप्प बसणे ऐकून मुलांना पेपर कळला होता.

सोनोग्राफीच्या खोलीतही हेच आहे. ज्या घरी मुलगी झाली तरी आनंदच आहे त्या घरी डॉक्टरांनी सांगितले, आणि जेथे संशय वाटला तेथे ओठ मिटले, तर ते मिटलेले ओठच बोलू लागतील. तो नकार म्हणजेच मुलगी, असे दारातून बाहेर पडेपर्यंत सगळ्यांना कळेल. मौनाने काही लपवायचे असेल तर ते सर्वांशी सारखेच पाळले पाहिजे. झबले शिवणाऱ्या त्या आईला जे कळत नाही, त्याने तिचे अज्ञान राखले जात नाही. शेजारच्या बाकावर बसलेल्या, सासूच्या धाकातल्या बाईच्या पोटातला जीव राखला जातो. तिच्या चार महिन्यांच्या कुतूहलाचे ते कुंपण आहे. हे तिला समजावून सांगितले तर ती ते आनंदाने सोसेल, असा माझा बायकांच्या बाबतीतला अनुभव आहे. पुरुषांच्या बाबतीत मी छातीठोकपणे सांगत नाही.

आणि हे मौन फसवणूकही नव्हे. मी सांगणार नाही, हे त्यांनी आधीच भिंतीवर लिहून ठेवलेले असते. रुग्ण त्यावर सही करते, मी लिंग पाहिले नाही व कोणाला सांगितले नाही अशी सही डॉक्टरही करतो. ज्या मौनाची पाटी दाराशीच लावलेली आहे ते खोटे बोलणे होत नाही.

यावर एक आक्षेप राहतो आणि तो त्या डॉक्टरीणबाईंनीच घेतला. "सर, तुम्ही याला विद्या म्हणता. आम्हांला कधी कधी ती फक्त तुरुंगाची भीती वाटते. एफ नमुन्यात एक रकाना कोरा राहिला तरी यंत्राला सील लागू शकते." त्यांची तक्रार खरी आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने हीच तक्रार सर्वोच्च न्यायालयात नेली होती. न्यायालयाने २०१९ साली ती मान्य केली नाही. नोंदी न ठेवणे ही केवळ कारकुनी चूक नव्हे, गुन्ह्याला वाट तेथूनच मिळते, असे म्हटले. मला वाटते, दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत. भीतीने पाळलेल्या मौनाला मी सद्गुण म्हणणार नाही. परंतु कायद्याची पोहोचही पाहावी. तो पाटी ठोकू शकतो, रकाने तपासू शकतो. शाईचा रंग, सहज घेतलेले एखाद्या देवाचे नाव, भुवईची हालचाल, यांच्यावर तो कुठवर पहारा ठेवणार? अंधाऱ्या खोलीत शेवटचा पहारेकरी तो एक चेहराच असतो. भीती खोलीच्या दारापर्यंत माणसाबरोबर येते. आत तो आणि त्याचे मन, एवढेच असतात.

म्हणून गप्प बसणे हीच या धंद्याची सारी नीती, असे मात्र कोणी समजू नये. मी डॉक्टरीणबाईंना विचारले, "सगळ्यांत अवघड काय असते? लोक गळ घालतात ते?" त्या म्हणाल्या, "नाही सर. त्याची सवय होते. बाळाचे ठोके सापडत नाहीत तेव्हा अवघड असते. बाई माझ्या तोंडाकडे पाहत असते. त्या वेळी इतका वेळ मिटलेला चेहरा उघडावा लागतो. दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही. दगडासारखी राहायची सवय तेव्हाही राहिली, तर मी वाया गेले."

मी पुष्कळ दिवस यावर विचार केला. बाहेरून पाहिले तर दोन्ही वेळा तोच ओठ, तेच मिटणे. एक मौन दुसऱ्याच्या जिवासाठी असते. दुसरे आपल्या सोयीसाठी. आपल्याला नीट दिसले नाही हे कबूल न करणे, वाईट बातमी सांगण्याचे टाळून "पुढच्या आठवड्यात या" म्हणणे, रुग्ण पाठवणाऱ्याला दिलेल्या पाकिटाविषयी अवाक्षर न काढणे, ही सगळी मौनेच आहेत आणि ती सगळी पापे आहेत. तंत्रज्ञाच्या वाट्याला आणखी एक निराळे मौन येते. काचेवर काय आहे हे त्याला पुष्कळदा डॉक्टरांच्या आधी दिसते. पण अर्थ सांगण्याचा अधिकार त्याचा नसतो. आपल्याला दिसले म्हणून ते आपले झाले असे नव्हे, हे त्याला रोज नव्याने स्वतःला बजावावे लागते. कोणते मौन कुठले हे ओळखायला मी एक साधी खूण धरली आहे: हे न सांगितल्याने कोण वाचते? समोरचा, की मी?

त्या खुणेने मी २०१० च्या त्या दिवसाकडे पुन्हा पाहिले. बाईंनी मला सांगितले असते, आणि ते उत्तर 'बर्फी' असते, तर मी काय केले असते? काहीच नाही, असे मी वर्षानुवर्षे म्हणत आलो. आता खात्रीने म्हणवत नाही. घरी आई होती, तिची ती नजर होती, माझा पगार बेताचा होता, आणि आपल्या दुबळेपणाला 'परिस्थिती' म्हणण्याची कला कादंबरीकाराला चांगली अवगत असते. त्या परीक्षेत मी उतरलो असतो की नाही, देव जाणे. त्या बाईंनी ओठ मिटून ती परीक्षाच माझ्यावर येऊ दिली नाही. पोटातल्या जिवाबरोबर त्यांनी मलाही वाचवले, आणि मी त्यांच्या नावाने तणतणत जिना उतरलो. पुढे आमच्याकडे पेढे वाटले की बर्फी, ते मी येथे लिहीत नाही. लिहिले तर वाचक माझी परीक्षा त्यावरून करतील, आणि ती त्यावरून व्हायची नाही.

मुलीच्या वडिलांना मी ठरल्याप्रमाणे सल्ला दिला. तो गुळगुळीत कागद परत करा. फीचे पैसे जपून ठेवा. पदवीचा अर्ज भरा. तिला प्रवेश मिळाला. आता ती शिकते आहे आणि सकाळच्या पाळीला एका रुग्णालयात जाऊन हात बसवते आहे. नोकरी लागायला अजून अवकाश आहे. लागेल तेव्हा पगार किती असेल, बढती कधी मिळेल, हे तिचे वडील मला अधूनमधून विचारतात आणि मी त्यांना माहीत नाही असे सांगतो. तेवढे धैर्य आता मला आले आहे.

परवा तान्ह्या पोळ्याला ते आले होते. नातवाचा लाकडी बैल बगलेत होता आणि चेहरा जरा उतरलेला होता.

"काय झालं?" मी विचारले.

"काय सांगू मास्तर! आमच्या शेजारच्या काकू पोटाची तपासणी कराले तिथंच गेल्या होत्या. पोरगी त्याच खोलीत होती. काकू दोन दिवसांपासून विचारून राहिल्या, काय दिसलं तुले, काय दिसलं. ही म्हणते, रिपोर्ट डॉक्टर देतीन. बस. काकू रागावून राहिल्या, बोलेनाशा झाल्या. मी म्हटलं, अवं, मले तरी सांग! मले बी नाही सांगत."

मी त्यांना आत बोलावले आणि पत्नीला चहा टाकायला सांगितले. पगाराचे मला अजूनही माहीत नाही. पण मुलगी कामात चांगली निघाली, एवढे त्यांना सांगता येण्यासारखे होते.